हसवणारे व्हिडिओ आणि आवडते सुरांचे तुकडे : इथे द्या, पण नावगावासकट

कानसेन

नमस्कार मंडळी,

रोज कुणी ना कुणी काहीतरी पाठवत असतं. त्यातलं बरंचसं बघितलं की तिथेच विसरलं जातं, आणि त्यात काही वाईटही नाही. पण काही तुकडे पुन्हा पुन्हा बघावेसे, ऐकावेसे वाटतात आणि तेव्हा शेजारी कुणीतरी हवं असं वाटतं. त्यांच्यासाठी हा धागा. पोट धरून हसवणारा व्हिडिओ असो की अंगावर काटा आणणारी एखादी तान, दोन्ही चालेल.

रॉबर्ट प्रोव्हाइन या अभ्यासकाने माणसं नेमकी कधी हसतात याच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या. एकटे असताना हसतो त्याच्या साधारण ३० पट आपण चारचौघांत हसतो, असं त्याला आढळलं. "हे बघच" म्हणून पाठवण्याची ओढ तिथूनच येत असावी. हसू वाटून घ्यायला दुसरं माणूस लागतं.

एकच अट आहे. नुसती लिंक टाकून जाऊ नका. कुणाचं आहे, कधीचं आहे, तुम्हाला त्यात काय आवडलं आणि नेमकं कुठे लक्ष द्यायचं हे दोन ओळींत लिहा. क्लिप गावभर फिरते आणि तिचं नाव वाटेत कुठेतरी गळून पडतं, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. ज्याने ती केली त्याला निदान या धाग्यावर तरी हरवू देऊ नका.

सुरुवात माझ्याकडून. फ्रान्सच्या ल्युमिएर या चित्रपटकार बंधूंचा माळ्याचा चित्रपट, १८९५ सालचा. एक मिनिटाहूनही छोटा. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये त्यांनी तिकीट लावून जो खेळ केला, त्यात हा होता. माळी नळीने बागेला पाणी घालतोय. मागून एक पोरगा येतो आणि नळीवर पाय देतो. पाणी थांबतं. माळी नळीच्या तोंडात डोकावतो, पोरगा पाय उचलतो, आणि पुढचं तुम्हीच बघा. मला खरी मजा वाटते ती त्यानंतरची. माळी पोराला गाठतो आणि धरून परत कॅमेऱ्याकडे ओढत आणतो, मगच चोप देतो. प्रेक्षकांना नीट दिसायला नको का! कॅमेऱ्यासमोर कसं वागायचं हे तेव्हा कुणी शिकवलेलं नव्हतं, तरी त्याला ते कळलं.

---

मधली सुट्टी

धागा आवडला. माळी बघितला, घरातल्या सगळ्यांना दाखवला, सगळे हसले. एवढा जुना विनोद अजून चालतो याचंच नवल वाटलं.

पण तुमची अट मला अर्धीच पटली. गाण्याबद्दल आधी सांगितलेलं चालतं, विनोदाबद्दल नाही. "आता बघा हं, तो पडणार आहे" म्हटलं की तो पडला तरी हसू येत नाही. तुम्हीसुद्धा "पुढचं तुम्हीच बघा" म्हणून थांबलातच की. तिथे थांबला नसतात तर मी बघितलाच नसता. विनोदी व्हिडिओ विश्वासावर बघायचे असतात. पाठवणारा माणूस माहितीतला असला की झालं.

---

कानसेन

मधली सुट्टी, मुद्दा मान्य. गंमत फोडू नका. पण गंमत न फोडताही बरंच सांगता येतं. आवाज चालू ठेवा, शेवटपर्यंत बघा, डावीकडच्या कुत्र्यावर लक्ष ठेवा. एवढंही पुरतं. आणि कुणाचा व्हिडिओ आहे हे सांगितल्याने कुठलाच विनोद मरत नाही.

---

तिहाई

मी गाण्याकडचा माणूस, त्यामुळे तिकडचंच लिहितो. जरा लांबेल.

हल्ली मैफलींचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे फिरतात. बहुतेकांत समेचा, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येण्याचा, क्षण असतो. गायिका मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, घेऊन समेवर येते, तबलजी हसतो, समोरून "क्या बात है" येतं, क्लिप संपते. दिसायला छान, पण ऐकणाऱ्याच्या हाती काय लागलं? सम एकटी कापून दिली तर ती तबल्याची एक थाप, एवढंच उरतं. तिच्यात जी मजा आहे ती आधीच्या वाट बघण्यात आहे.

विलंबित एकताल घ्या. मात्रा बाराच, पण लय अगदी संथ असली तर एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, मिनिटभरही चालतं. म्हणजे अर्ध्या मिनिटात धड एक आवर्तनसुद्धा मावत नाही. त्या मिनिटात काय होतं ते बघा. गायिका आलापीत रमलेली असते, तबलजी ठेका धरून असतो आणि त्याची नजर तिच्या हाताकडे असते. नवव्या-दहाव्या मात्रेशी ऐकणाऱ्यांत चुळबुळ सुरू होते, कारण मुखडा घ्यायची वेळ आली आणि ती अजून वरच्या सुरावरच आहे. आता राहिलंच, असं वाटत असताना ती शेवटच्या मात्रेत शब्द असे काही गोळा करते की बरोबर समेवर पाय ठेवते. तबलजीचं ते हसू त्या मिनिटभराच्या तणावातून आलेलं असतं. कापलेल्या तुकड्यात फक्त हसू दिसतं. ते कशाचं, हे कळायला मार्ग नाही.

म्हणून माझी विनंती, गाण्याचा तुकडा देताना समेच्या आधीचं एक पूर्ण आवर्तन तरी येऊ द्या. त्याहून बरं म्हणजे तुकडा पाडूच नका. पूर्ण ध्वनिमुद्रणाची लिंक द्या आणि कितव्या मिनिटापासून ऐकायचं ते लिहा. संगणकावर यूट्यूबच्या 'शेअर' बटणात व्हिडिओ ठरावीक वेळेपासून सुरू करायची सोय आहे. त्याने लिंक थेट तिथे उघडते, ज्याला पुढचं ऐकायचं त्याला पुढचं मिळतं आणि मागे जायचं त्याला मागेही जाता येतं.

---

जुनी तबकडी

तिहाई, सुंदर लिहिलंय. पण छोट्या तुकड्यांवर एवढा राग नको.

आपल्याकडचं ध्वनिमुद्रित संगीत सुरूच मुळी छोट्या तुकड्यांनी झालं. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायस्बर्गने कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळायची. तासभर राग मांडणाऱ्या कलावंतांनी त्या तीन मिनिटांत बंदिश, आलाप, तान सगळं बसवलं. त्या तबकड्या आजही ऐकाव्यात अशा आहेत. कमी वेळ म्हणजे कमी गाणं असं नाही.

फरक एवढाच की तिथे काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे गाणारी स्वतः ठरवत होती. आज कात्री तिसऱ्याच्याच हातात असते. कलावंताने स्वतः अर्ध्या मिनिटासाठी बांधलेली चीज आणि कुणीतरी दोन तासांच्या मैफलीतून ओरबाडलेलं अर्धं मिनिट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली इथे खुशाल द्यावी.

आणि कानसेन, तुमच्या अटीला गौहर जान यांचाच दाखला आहे. गाणं संपलं की तबकडीवर त्यांचा आवाज येतो, "माय नेम इज गौहर जान". तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, आणि कुठलं गाणं कुणाचं हे तिथल्या कारागिरांना कळावं म्हणून नाव गाण्यातच बोलून ठेवायची पद्धत होती. आजही ते ऐकताना मला भरून येतं. तान संपते आणि लगेच, श्वास नीट लागायच्या आत, ठणठणीत आवाजात स्वतःचं नाव. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या तबकडीवरचं नाव टिकलं आणि काल अपलोड झालेल्या व्हिडिओवरचं टिकत नाही, कारण शेवटची दोन सेकंदं कापणं आता कुणालाही जमतं.

---

निशिगंध

+१

माझ्याकडे असाच एक अनाथ तुकडा आहे. बाईंचा आवाज, ठुमरी, सोबत सारंगी, मागे पंख्याचा आवाज. मथळा फक्त "दुर्मीळ! जरूर ऐका!" पाठवणाऱ्याला विचारलं तर त्याला दुसऱ्याने पाठवलेला. कुणाचा आहे हे शोधायचा काही मार्ग आहे का?

---

खटपट्या

निशिगंध, मार्ग आहेत, पण हमी नाही.

आधी गाणं कुठलं ते सांगणारं शझामसारखं ॲप लावून बघा. हे ॲप सूर किंवा चाल ओळखत नाही. त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा ठसा ते आपल्या साठ्याशी जुळवून बघतं. त्यामुळे बाजारात आलेली ध्वनिमुद्रिका असेल तर काही सेकंदांत नाव मिळतं. तीच ठुमरी त्याच बाईंनी दुसऱ्या मैफलीत गायलेली असेल तर बहुधा मिळणार नाही. तुमच्या तुकड्यात पंख्याचा आवाज आहे म्हणता, म्हणजे ती खाजगी बैठक असावी. तिथे ॲप हात टेकेल.

मग कान आणि डोळे. चित्र असेल तर स्वच्छ दिसणाऱ्या क्षणाचा स्क्रीनशॉट घेऊन चित्रावरून शोध करा. त्याच तुकड्याच्या अनेक प्रती सापडल्या तर सगळ्यांत जुनी तारीख कुणाची आहे ते बघा आणि तिच्या खालच्या प्रतिक्रिया वाचा. सारंगियाला, तबलजीला ओळखणारं कुणीतरी तिथे नेहमी भेटतं. मागचा पडदा, मंचावरचा फलक, कोपऱ्यातलं अर्धवट पुसलेलं चिन्ह, यातून पुष्कळ सुटतं. ठुमरीचे शब्द ऐकू येतात तसे लिहून इथेच टाका. घराण्याचे जाणकार इथे कमी नाहीत.

एक सावधगिरी मात्र हवी. "दुर्मीळ" म्हणून येणारं सगळंच जुनं नसतं. आता दिवंगत गायकांचे आवाज संगणकावर तयार करून त्यांच्या तोंडी नवी गाणी घालतात. ऐकायला हुबेहूब वाटतं. अशा वेळी ध्वनिमुद्रिका कुठली, साल कुठलं, साथीला कोण, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर त्या कलावंताच्या नावाने पुढे पाठवू नका. नाव गळणं जितकं वाईट, तितकंच खोटं नाव चिकटणंही वाईट.

---

निशिगंध

शब्द लिहून काढते आणि उद्या टाकते. मनापासून आभार.

---

दूरचा डोंगर

गाण्याचं झालं, आता विनोदी व्हिडिओंबद्दल एक गंभीर गोष्ट बोलू द्या.

कॅनडात एका शाळकरी मुलाने २००२ साली शाळेच्या कॅमेऱ्यापुढे एकट्यानेच एक काठी तलवारीसारखी फिरवून स्वतःचं चित्रण केलं. टेप तिथेच राहिली. वर्गातल्या मुलांना ती सापडली आणि २००३ मध्ये त्यांनी ती इंटरनेटवर टाकली. जगभरात ती कोट्यवधी लोकांनी बघितली. तेव्हा यूट्यूबही नव्हतं. त्या मुलाची इतकी थट्टा झाली की त्याला शाळा सोडावी लागली, आणि त्याच्या घरच्यांनी त्या मुलांच्या कुटुंबांवर दावा लावला. पुढे तडजोड झाली. बघणाऱ्यांना तो व्हिडिओ अर्ध्या मिनिटाची करमणूक वाटत होता. त्या मुलाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. हा धागा नावं जपण्याचा आहे, पण जिथे माणसाने स्वतः काही लोकांपुढे ठेवलेलंच नाही, तिथे नाव न घेणं हेच जपणं.

म्हणून मी पाठवण्याआधी एक गोष्ट बघतो. व्हिडिओ पडण्यापाशी संपतो की उठण्यापाशी? माणूस घसरून पडला, उठला, कपडे झटकून हसला, तर मीही हसतो आणि पुढे पाठवतो. पडला आणि तिथेच क्लिप कापली असेल तर त्याचं पुढे काय झालं हे मला माहीत नाही. तो माझ्याकडेच थांबतो. लहान मुलं, दारू प्यायलेली माणसं, झोपलेली माणसं, परीक्षेत रडणारी पोरं, यांचे व्हिडिओ कुणी चोरून घेतले असतील तर मी पाठवणाऱ्यालाही सांगतो की नको.

---

मधली सुट्टी

दूरचा डोंगर, उठण्यापाशी संपतो का ही कसोटी फार आवडली. आजपासून माझीही.

---

खटपट्या

पुढे पाठवलेल्या व्हिडिओचं चित्र धूसर का होतं हे दोघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलंय, म्हणून इथेच थोडक्यात. व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ आहे तसा फॉरवर्ड केला तर तो बिघडत नाही. बिघडतो तो उतरवून घेऊन, कापून, वर मथळा चिकटवून पुन्हा चढवला की. प्रत्येक वेळी तो नव्याने दाबला जातो आणि आधीचं नुकसान तसंच राहून त्यात भर पडते. गाण्यात याचा पहिला बळी तानपुरा आणि झांजेसारखे बारीक आवाज. मूळ फाइल पाठवायची असेल तर ती 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, म्हणजे दाबली जात नाही.

स्वतः गाऊन पाठवणाऱ्यांसाठी आणखी एक. व्हिडिओ कॉलवर गाल तर आवाज साफ करणारी सोय आधी बंद करा. सतत एकसारखा वाजणारा आवाज म्हणजे गोंगाट असं ती सोय धरून चालते, आणि तानपुरा नेमका तसाच वाजतो.

लिंक देणं आणि फाइल देणं यातला फरकही लक्षात ठेवा. लिंक दिली की बघणारा कलावंताच्या दारात जातो. मोजणी त्याच्या नावावर होते, आवडलं तर बाकीचं गाणंही तिथेच सापडतं. फाइल उतरवून दुसऱ्याच्या पानावर चढवली की हे सगळं त्या पानवाल्याला मिळतं. पोटासाठी गाणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे.

---

स्पर्शलिपी

मी पहिल्यांदाच लिहितोय. मला दिसत नाही. फोन आणि संगणक स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, चालवतो.

तुमच्याकडे अटीवर चर्चा चालली आहे म्हणून माझ्या बाजूने सांगतो. कुणी नुसती लिंक टाकली की माझा फोन ती अक्षरं आणि आकडे एका सुरात वाचत सुटतो. त्यातून काहीच कळत नाही. उघडून ऐकलं तर विनोदी व्हिडिओत बऱ्याचदा फक्त धप्प असा आवाज आणि मागे लोकांचं हसणं. घरातले हसत असतात, मी विचारतो काय झालं, आणि उत्तर येतं, "अरे ते बघायलाच पाहिजे." मी कुणाला दोष देत नाही, सांगायला वेळ लागतो हे मलाही कळतं. पण या धाग्यावर माळ्याबद्दल जे लिहिलंय ते वाचून मी खरंच हसलो. पोराला ओढत कॅमेऱ्याकडे आणतो, हे मला कुणी कधी सांगितलंच नसतं.

मधली सुट्टी, तुम्ही म्हणता गंमत आधी सांगू नये. माझी गंमत सांगण्यातूनच येते. शेवट वेगळ्या परिच्छेदात लिहा, ज्यांना आधी बघायचं ते तिथे थांबतील.

---

मधली सुट्टी

स्पर्शलिपी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शेवट वेगळ्या परिच्छेदात, एकदम मान्य. लगेच एक लिहिते, खास तुमच्यासाठी. बाकीच्यांनी आधी बघून घ्या, 'कीबोर्ड कॅट' म्हणून शोधा. चित्रण १९८४ सालचं, चार्ली श्मिट यांनी केलेलं. त्यांनी ते यूट्यूबवर टाकलं थेट २००७ मध्ये. मांजराचं नाव फॅट्सो. चित्रण जगभर पोचलं तेव्हा ते मांजर जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली होती.

पडद्यावर एक छोटा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आहे. त्याच्यामागे पिवळसर मांजर बसलंय आणि त्याच्या अंगात माणसासारखा निळा शर्ट आहे. एक साधी, टुणटुणीत, उड्या मारणारी चाल वाजतेय आणि मांजराचे दोन्ही पंजे पट्ट्यांवर वरखाली होतायत, पट्टीच्या वादकाच्या ऐटीत.

आता गंमत. मांजर वाजवत नाहीये. शर्टाच्या आत, खाली लपून, मालक त्याचे पंजे धरून हलवतोय. शर्ट घातलाय तोच मुळी हात झाकायला. आणि मांजराला या सगळ्याशी काही देणंघेणं नाही. पंजे जोरात चाललेत आणि चेहरा मात्र एकदम शांत, रोज हेच वाजवून कंटाळलेल्या पेटीवाल्यासारखा. मध्येच ते मान वळवून दुसरीकडेच बघतं. पंजे तरीही चालूच!

---

स्पर्शलिपी

आत्ता आमच्या घरी सगळे विचारतायत की मी एकटाच का हसतोय.

ही चाल मी कितीतरी वेळा ऐकली आहे. कुणाचा काही घोटाळा झाला की शेवटी ती वाजते, एवढंच मला माहीत होतं. मी समजत होतो की कुणी लहान मूल कीबोर्ड शिकतंय. मांजर आहे? आणि शर्ट घातलेलं?

मी पण एक देणं लागतो. निशिगंध, तुमचा ठुमरीचा तुकडा मला पाठवा. सारंगियाच्या हातावरून काही सांगता आलं तर सांगतो. सारंगीवर माझे कान बरे आहेत.

---

निशिगंध

पाठवला. शब्दही लिहून काढलेत, तेही सोबत जोडलेत. दुसऱ्या मिनिटानंतर सारंगी एकटी आहे, तिथपासून ऐका.